कडूबा वायरमनचा उशिराचा वर्ग

कडूबा सोनुने त्या वर्गात पहिल्यांदा जाऊन बसला तेव्हा चोपन्न वर्षांचा होता. त्याला तिथवर घेऊन जाणारा मी. धाडहून सकाळच्या एसटीने आम्ही संभाजीनगरला निघालो होतो, आणि भोकरदन येईपर्यंत तो एकच गोष्ट तीनदा म्हणाला, "गुरुजी, मी येडा नाही."

तिन्ही वेळा मी म्हटलं, "नाही रे बाप्पा."

त्याला मी कधीच वेडा समजलो नव्हतो. मी त्याला तापट समजत होतो, आणि तापट माणसाचं काही करता येत नाही, घरच्यांनीच सांभाळून घ्यायचं असतं, असं मला वाटायचं. त्या समजुतीपायी माझ्या हातून जे झालं तेही पुढं सांगणार आहे.

धाडमध्ये त्याला सगळे कडूबा वायरमन म्हणतात. मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एकवीस वर्षं होतो आणि माझं घर त्याच्या घराला लागून. बाहेरचा कडूबा पाहिला असता तर तुम्हीही म्हणाला असता की इतका शांत माणूस पाहिला नाही. एका मे महिन्यात वावटळ आली आणि गावाबाहेरचे अकरा खांब आडवे झाले. दोन दिवस हा माणूस घरी जेवायला आला नाही. सगळ्यात आधी त्याने दवाखान्याची लाईन जोडली, कारण तिथल्या फ्रीजमध्ये लहान लेकरांच्या लसी होत्या. लाईन बंद असल्याचा निरोप सबस्टेशनकडून आल्याशिवाय तो शिडीला हात लावायचा नाही. खाली सरपंच उभा राहून ओरडत असला तरी नाही. "ओरडू द्या," म्हणायचा, "ओरडल्यानं कोणाले शॉक लागत नाही."

हाच माणूस घरात कोणी बाहेर निघालं की ओळखू यायचा नाही. विमलबाई, त्याची बायको, राखीला माहेरी जायला निघाली की आदल्या दिवसापासून घरात कुरबुर सुरू व्हायची. भाजीत मीठ जास्त, पोरं अभ्यास करत नाहीत, कोणाला माझी किंमत नाही. मग ताट भिंतीवर. मग रडणं. आणि शेवटी ते वाक्य, जे आमच्या भिंतीतून मी कितीतरी वेळा ऐकलं, "जा तुम्ही सगळे. मी बी जातो. मग बसा शोधत." आणि खरंच निघून जायचा. मोटारसायकल घेऊन, मोबाईल बंद करून, कधी चार तास, कधी दोन दिवस. विमलबाई पिशवी खाली ठेवायची. तो परत यायचा तेव्हा हातात बाजारातली जिलबी असायची, डोळे सुजलेले असायचे, आणि तो इतक्या मनापासून माफी मागायचा की समोरच्यालाच आपण दुष्ट वाटावं.

त्याचं नाव कडूबा का, ते आमच्या भागात कोणाला विचारावं लागत नाही. आधीची दोन भावंडं गेली. मग हा झाला, आणि हा तरी राहावा म्हणून आईने नाव कडू ठेवलं. तो राहिला. तो सहा वर्षांचा असताना आई मंजुळाबाई सासरी भांडून माहेरी गेली. तान्ही मुलगी सोबत नेली आणि मुलगा घराण्याचा म्हणून याला ठेवलं. जीपच्या मागे तो फाट्यापर्यंत पळत गेला. घरी परत आणल्यावर रडला म्हणून बापाने मारलं आणि मारल्यावर परत रडला म्हणून आणखी मारलं. तीन वर्षांनी आई परत आली. चुलीपुढं बसून तिने भाकरी थापायला घेतली आणि कुठं होती, का गेली होती, हे कोणीही कधी बोललं नाही. हे मला त्याने वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी सांगितलं. तीस वर्षं शेजारी राहून मी कधी विचारलंच नव्हतं.

आता पूनमचं सांगतो. पूनम त्याची थोरली मुलगी, धाकटा हर्षल. पूनम सातवीपर्यंत माझ्या हाताखाली शिकली. अक्षर टपोरं, बोलणं कमी, आणि कोणाला लागलं-खुपलं की वर्गात सगळ्यात आधी धावणारी. बारावीला विज्ञानात तिला चांगले गुण मिळाले आणि नाशिकला नर्सिंगच्या कॉलेजात तिचा नंबर लागला. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं. ऑगस्ट महिना, साल दोन हजार तेरा. शुक्रवारी सकाळच्या गाडीने बापलेक निघणार होते.

शुक्रवारी पहाटे कडूबा घरात नव्हता. सहाच्या सुमाराला कोणीतरी धावत आलं. सोनुन्यांच्या शेतातल्या विहिरीच्या काठावर चपला होत्या आणि चपलांवर ठेवलेला मोबाईल.

त्या दिवसाचं मी फार वर्णन करू शकत नाही. अख्खं गाव विहिरीवर. पोहणारे दोघे उतरले, पाणी खोल आणि गढूळ होतं, काही सापडेना. मग गळ टाकले. दोरीला बांधलेला गळ प्रत्येक वेळी वर यायचा तेव्हा विमलबाई तोंड फिरवायची आणि पूनम मात्र बघायची. तिच्या खांद्याला प्रवासाची बॅग तशीच होती. ती काढायची तिला आठवणच राहिली नव्हती आणि आमच्यापैकी कोणाला ती काढून घ्यावीशी वाटली नाही. दुपारी मोटर लावून पाणी उपसायला घेतलं. चारच्या सुमाराला मक्याच्या शेतातून कडूबा अनवाणी चालत आला.

तो म्हणाला, डोकं फिरलं होतं, कुठं गेलो होतो ते आठवत नाही. पूनमच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. लोकांनी डोळे पुसले. मीही पुसले.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, पूनम माझ्या घरी आली. म्हणाली, "गुरुजी, बुलढाण्याहून गाडी आहे. निघालं तर उद्या पाचच्या आत पोचतो. तुम्ही सोबत चालता का? आई हो म्हणून राह्यली."

मी तिला बसायला सांगितलं. पाणी दिलं. आणि तिला म्हणालो, "पूनम, बाप आहे तो. तू गेलीस अन् उद्या खरंच काही झालं, तर जन्मभर तुला झोप लागेल का? शिक्षण काय, पुढच्या वर्षीही घेता येईल."

तिने हातात धरलेला ग्लास तसाच खाली ठेवला. मग "हो गुरुजी" म्हणाली आणि गेली.

पुढच्या वर्षी तिने अर्जच भरला नाही. त्यानंतरच्या वर्षी लग्न होऊन ती रोहिणखेडला गेली. मी मात्र बरीच वर्षं मनात म्हणत राहिलो की त्या दिवशी एक घर मोडता मोडता मी वाचवलं. एक-दोघांना बोलूनही दाखवलं.

पूनमला मुलगी झाली. ती चार वर्षांची असताना दिवाळीला मायलेकी आल्या होत्या. भाऊबीज झाली, निघायची वेळ झाली, आणि कडूबाने आतल्या खोलीला कडी लावून घेतली. आतून आवाज येत होते. ती लहानगी दारावर थापा मारत "आजोबा, आजोबा" ओरडत होती. अर्ध्या तासाने त्याने दार उघडलं तेव्हा पूनम रडत नव्हती. तिने मुलीला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "बाबा, माझ्या वेळी झालं ते झालं. माझ्या पोरीनं हे पाहायचं नाही." त्यानंतर ती धाडला आली नाही. फोनही आईलाच करायची, तोही कडूबा ड्युटीवर असताना.

मग दोन हजार तेवीस. विमलबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं, हर्षल तिकडं नोकरीला होता म्हणून. निघायच्या आदल्या दिवशी कडूबाने नुसती धमकी दिली नाही, स्वतःला इजा करून घेतली. कशी, ते इथं सांगत नाही. वेळेवर कळलं आणि तो वाचला. बुलढाण्याच्या दवाखान्यात सहा दिवस होता. चौथ्या दिवशी विमलबाई त्याच्या पलंगाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मी पुण्याले जाऊन राह्यली. तिकीट काढेल आहे. वापस येईन का नाही, ते माह्यं मले माहीत नाही." आणि ती गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा पिशवी खाली न ठेवता गेली.

तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. झोप लागायला लागली. पण ते मला बाजूला घेऊन म्हणाले, नुसत्या गोळ्यांनी याचं भागणार नाही, भावना उसळली की काय करायचं हे यांना कोणी शिकवलेलंच नाही, ते शिकवणारा एक उपचार आहे, डीबीटी. संभाजीनगरला एक मॅडम करतात.

कडूबाने पलंगावरून ऐकलं. "डीबीटी?" तो म्हणाला. "म्हणजे योजनेचे पैसे खात्यात येते ते? ते तर विमलचं चालू आहे."

डॉक्टर हसले. मग कागदावर मराठीत लिहून दिलं, डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी. तो कागद त्याने शर्टाच्या खिशात तीन महिने ठेवला. जायचं की नाही यावर आमचे रोज वाद झाले. घर रिकामं होतं, मोबाईल बंद करून निघून जायचं तर शोधायला मागे कोणी उरलं नव्हतं. एका सकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "चला गुरुजी. पण एकट्याच्यानं जाणं होत नाही माह्यं."

महामाया मॅडम चाळिशीच्या, बारीक चणीच्या. पहिल्या भेटीत मी सोबत बसलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एक वर्ष द्या मला. दर शनिवारी इथं वर्ग, दर बुधवारी मोबाईलवर आपण दोघं. या वर्षात गायब व्हायचं नाही, जिवाचं काही करायचं नाही. तशी उबळ आली तर करायच्या आधी मला फोन करायचा. केल्यावर नाही."

कडूबा म्हणाला, "केल्यावर काऊन नाही? केल्यावरच तर माणसं धावून येतात."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्याच्याकडे बघत राहिल्या. कडूबाने मान खाली घातली. आपण काय बोललो ते त्याला कळलं होतं आणि मलाही.

निघताना त्या म्हणाल्या, "तुम्ही जसे आहात त्याला कारणं आहेत, तुमच्यावर माझा राग नाही. आणि तुम्हाला बदलावं लागेल. दोन्ही खरं आहे."

परतीच्या गाडीत तो कुरकुरत होता. "दोन्ही कसं खरं राहीन? मी ठीक असलो तर बदलू कायले? अन् बदलायचं असलं तर ठीक कसा?"

वर्गात सातजण होते. त्यांची नावं त्याने मला कधीच सांगितली नाहीत. नियम आहे म्हणायचा. मी दाराबाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचो. फक्त एवढं कळलं की एक अकरावीतली पोरगी आहे आणि कडूबा सगळ्यात मोठा आहे. त्यांना एक तक्ता दिला होता. रोज भरायचा. आज राग किती, लाज किती, भीती किती, शून्य ते पाच. पहिल्या आठवड्यात त्याने सगळीकडे शून्य भरलं. मॅडमनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, मले काही वाटलंच नाही. ती अकरावीतली पोरगी खुदकन हसली आणि म्हणाली, "काका, मीपण सुरुवातीला सगळे शून्यच लिहिले होते." त्याला राग यायला हवा होता. पण तो बाहेर आला तेव्हा चेहरा मोकळा होता. "शाळेत नापास होणारा मी एकटाच नाही," म्हणाला.

एकदा बाहेरच्या बाकावर त्या पोरीची आई माझ्याशेजारी बसली होती. डबा उघडून मला चिवडा दिला. कडूबा वर्गातून बाहेर आला, त्याने त्या बाईकडे पाहिलं, आणि काही न बोलता तिला हात जोडले. बाई गोंधळली. रस्त्यात मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "सोळाव्या वर्षी आणलं तिनं पोरीले. सोळाव्या वर्षी, गुरुजी." आणि धाड येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसला.

सोपं काहीच नव्हतं. तिसऱ्या महिन्यात हर्षलचा फोन आला, आई दिवाळीपर्यंत इकडंच राहील. थोड्या वेळाने कडूबा माझ्या दारात उभा, डोकं आणि शर्ट ओलाचिंब. मोटारसायकलला किक मारली होती म्हणे, मग मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, आधी माठ कुठं आहे ते सांगा. गार पाण्यात तोंड बुडवा, श्वास धरा, पुन्हा बुडवा, मग बोलू. मला हसू आलं. तो हसला नाही. "उतरते, गुरुजी," म्हणाला, "दहा-पंधरा मिनिटात उतरते. एवढंच होतं ते. अन् एवढ्यासाठी म्या लोकाईची आयुष्यं घालवली."

चौथ्या महिन्यात मात्र तो न सांगता सहा तास बेपत्ता झाला. बुलढाण्याच्या स्टँडवर बसून होता. मला वाटलं, संपलं सगळं. पण मॅडम रागावल्या नाहीत. त्या दिवसाचा एकेक क्षण त्यांनी त्याच्याकडून लिहून घेतला. सकाळी काय खाल्लं, झोप किती झाली होती, कोण काय बोललं, मग मनात काय आलं, मग अंगात काय झालं. हे काम त्याला जमलं. "फॉल्ट सापडत नसला की लाईन पायी चालावी लागते," तो मला सांगायचा, "खांबामागून खांब. मॅडम तेच करून राह्यल्या." घरच्या टेबलावर शाळेची वही घेऊन हा माणूस बसायचा आणि तीस वर्षांतली भांडणं एकेक करून लिहून काढायचा. वाचायला मला कधी दिली नाहीत.

एका रविवारी सकाळी तो म्हणाला, "शेतात चला."

विहिरीपाशी तो थांबला नाही. तिच्या पलीकडे बांध ओलांडून दीडेकशे पावलांवर थोडा उंचवटा आहे, तिथं गेला. त्या वर्षीही तिथं मका होता. उंचवट्यावर मक्याच्या आड बसलं तरी विहीर समोर दिसते.

"मी इथी होतो," तो म्हणाला.

मला पटकन कळलं नाही.

"त्या दिवशी. सकाळपासून चारपर्यंत. डोकं फिरलं नव्हतं, गुरुजी. आठवत नाही म्हटलं ते खोटं होतं. मी इथी बसून पाहत होतो. गळ टाकताना पाह्यलं. पूनम पाह्यली. तिच्या खांद्यावर बॅग होती. मले वाटे, आता ती बॅग काढीन, आता काढीन, की मी समोर जाईन. तिनं काढलीच नाही. मग मोटर लागली अन् मले भेव वाटलं की आता विहीर रिकामी होईन अन् लोकाईले समजीन."

मी तिथून विहिरीकडे पाहिलं. दहा तास. पोटच्या पोरीला त्याने दहा तास तिथं उभं राहू दिलं होतं. मला त्याचा संताप आला. आणि त्याच वेळी मला माझ्या ओसरीवर पाण्याचा ग्लास धरून बसलेली पूनम दिसली.

"तू केलंस ते केलंस," मी म्हणालो. "पण संध्याकाळी ती माझ्याकडे आली होती. मीच तिला जाऊ नको म्हणालो. गाडी होती. ती पोचली असती."

"मले माहीत आहे," कडूबा म्हणाला. "विमलनं सांगतलं होतं तवाच. मले लय बरं वाटलं होतं. तुमच्यासारखा माणूस माह्या बाजूनं बोलला म्हणून."

तो मला दुखवायला बोलला नव्हता. त्या वर्गात त्याला खरं बोलायची सवय लागली होती, आणि खरं तसंच होतं.

त्याला त्याच आठवड्यात रोहिणखेडला जाऊन पूनमचे पाय धरायचे होते. मॅडमनी थांबवलं. विचारलं, "तुम्ही माफी मागायला चाललात की माफी घेऊनच यायला?" त्याला फरक कळेना. कळायला अडीच महिने लागले. पाय धरायचे नाहीत, रडायचं नाही, घरी ये म्हणायचं नाही, तिने काही उत्तर द्यावं अशी अपेक्षा ठेवायची नाही. घडलं ते सांगायचं आणि निघायचं. वर्गात त्याने याचा सराव केला. अकरावीतली पोरगी पूनम झाली. पहिल्या चार वेळा तो रडला, आणि मॅडम म्हणाल्या, "परत."

विमलबाईकरवी विचारलं. पूनम म्हणाली, रविवारी अकरा वाजता, अर्धा तास. मुलगी तेव्हा घरी नसेल.

मी सोबत गेलो. रोहिणखेडला जुन्या मशिदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर चहाचं हॉटेल आहे, तिथं बसलो. कडूबा म्हणाला, "चला ना आत." मी म्हटलं, "तू जा, तुमचं बापलेकीचं आहे." ते काही खरं कारण नव्हतं. मला तिच्या समोर उभं राहायची हिंमत नव्हती. माझ्यासाठी कोणी सराव घेतला नव्हता, असं आता म्हणता येईल, पण तीही पळवाटच आहे.

पंचवीस मिनिटांत तो आला. आम्ही मोताळ्याला जाणारी जीप धरली. मोताळ्याच्या स्टँडवर त्याने सगळं सांगितलं.

पूनमने चहा केला होता. ती आता तिकडच्या एका खाजगी दवाखान्यात मदतनीस आहे. इंजेक्शन भरून देते, टोचायची परवानगी तिला नाही. कडूबाने मक्याच्या शेतातलं सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मले तवाच वाटलं होतं. तुमच्या पँटीला मागून बसल्याची माती अन् मक्याचा फुलोरा लागेल होता."

अकरा वर्षं तिला माहीत होतं.

मग तिने विचारलं, "हे जे तुम्ही आता शिकून राह्यले, ते तवा काऊन नाही शिकले?"

"तवा मले वाटे की मी बरोबर आहे," कडूबा म्हणाला. "अन् बाकी सगळे मले सोडून जाणारे."

"कोणीच नव्हतं जात, बाबा. मी शिकाले चालली होती."

तो रडला नाही. सरावाप्रमाणे उठला. दारापर्यंत ती आली. म्हणाली, "तुम्ही बरे होऊन राह्यले, ते चांगलं आहे. मले राग नाही आता. पण घरी या असं म्हणणं नाही होत माह्याच्यानं. पोरगी मोठी झाल्यावर तिचं ती ठरवीन."

"बरं," कडूबा म्हणाला आणि निघाला.

मला वाटलं होतं, एवढं शिकून, एवढं खरं बोलून काहीतरी जुळेल. हे मी बुधवारी मॅडमना त्याच्या फोनवरून बोललोही. त्या म्हणाल्या, "गुरुजी, गेलेलं परत मिळण्याची हमी मी कोणालाच दिलेली नाही." त्यांच्या आवाजात कडकपणा नव्हता.

वर्ष पुरं झालं तेव्हा कडूबाने आणखी एक वर्ष मागून घेतलं. विमलबाई त्याआधीच परत आली होती. ती त्याच्यासाठी आली की पुण्याच्या दोन खोल्यांत करमेना म्हणून, हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. स्वयंपाकघरात दोघांचं बोलणं ऐकू येतं, बेताचं, एकमेकांना सांभाळून. भिंतीवर ताट आपटल्याचा आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकलेला नाही. पण विमलबाई अजूनही त्याचं पाऊल वाजलं की हातातलं काम थांबवते, मान किंचित वळवून अंदाज घेते, आणि मग पुन्हा कामाला लागते. ते तिचं जाणार नाही. तेही कडूबा बघतो.

या जानेवारीत पूनमच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी विमलबाई रोहिणखेडला निघाली. स्टँडवर बॅग कडूबानेच नेली. मी भाजी घ्यायला गेलो होतो म्हणून दिसलं. बॅग वर ठेवून तो खाली उतरला आणि खिडकीशी उभा राहिला.

"कवा येशीन?" त्याने विचारलं.

"पाहू," विमलबाई म्हणाली. तारीख दिली नाही.

गाडी निघाली. तो हलला नाही. दोन्ही हात पोटाशी धरून, वर्गात शिकवलं होतं तसा तोंडाने हळूहळू श्वास सोडत उभा होता. बाजूने जाणारा एकजण म्हणाला, "काय बे कडू, पोटात दुखून राह्यलं का?" तो म्हणाला, "हाव, थोडंसं." मग शाळेजवळच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, फ्यूज गेल्याचा फोन आला आणि तो कामावर गेला.

आठव्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर बसला होता, त्या दिवसाचा तक्ता भरत. भीतीच्या रकान्यात त्याने पाच लिहिलं. मी म्हटलं, "अजूनही पाचच?" तो म्हणाला, "पाचच. कमी होईन असं वाटलं होतं, नाही झालं." तेवढ्यात विमलबाईचा फोन आला, तो त्याने स्पीकरवर घेतला. मुलगी झाली. वजन चांगलं आहे, डोकंभर केस आहेत.

"पूनम कशी आहे?" त्याने विचारलं.

"चांगली आहे. झोपली आता."

"फोटो?" म्हणताना तो थांबला. विमलबाई म्हणाली, "विचारलं मी तिले. आत्ताच नको म्हणे."

"बरं," कडूबा म्हणाला. "तिले सांग, सुखरूप झाली, लय चांगलं झालं." आणि त्याने स्वतःच फोन ठेवला. तक्त्याची घडी करून खिशात घातली आणि मला विचारलं, "गुरुजी, डोकंभर केस म्हणजे विमलवर गेली असंन, नाही का?"

मी म्हटलं, असेल.